दोन लायनी, एक चर

भोजराज रामटेकेच्या तोंडून कोणाबद्दल बरा शब्द निघालेला ऐकला, असं सांगणारा माणूस मुर्रीत सापडायचा नाही. गोंदियाला चिकटलेलं हे गाव, निम्मं शेतात आणि निम्मं शहरात. तिथे त्याचं घर, आणि नोकरी दूरसंवाद मंडळात लाइनमनची. हे मंडळ सरकारी की निमसरकारी, ते तिथल्या साहेबांनाही धड सांगता येत नसे, पण खेड्यापाड्यांतल्या टेलिफोनच्या लायनी त्याच्या ताब्यात होत्या. तरुणपणी भोजराज तिथे रोजंदारीवर खांब उभे करायला लागला आणि १९९९ साली कायम झाला. बायको अंजना हौसेने पेढे घेऊन आली, तर हा म्हणतो, "पंधरा वर्सं खांबावर चढून राहिलो, तवा याईले दिसलो नाही. आता गुडघे गेले, तं कायम करून राहिले." पेढे मात्र त्याने खाल्ले. चांगले तीन खाल्ले.

इंजिनियर म्हणजे त्याच्या लेखी टेबलावरची शोभा. ठेकेदार म्हणजे मातीचोर. पुण्या-नागपूरहून कोणी बूट घालून आला की तो 'पावना', मग तो कितीही मोठा साहेब का असेना. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. भोजराज त्या नाटकात खलनायक करायचा. दुष्ट सावकार, दुष्ट पाटील, जे असेल ते. त्यासाठी त्याला वेगळी तालीम लागत नाही, असं अंजना म्हणायची, आणि ती काही चुकीचं बोलत नव्हती.

त्या मंडईनंच घात केला.

झालं असं, की तालुक्याच्या सालेकश्याहून दरेकश्याला जाणारी केबल डोंगराच्या रस्त्यानं जायची. दरेकसा म्हणजे जंगलातलं गाव, एक छोटं रेल्वे स्टेशन, थोडी शेती, बाकी डोंगर. वाटेत एका नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल. पावसाळ्यात नाला फुगला की रपटा वाहून जायचा आणि बाजूची केबलही तुटायची. दरेकसा आणि त्याच्या पुढची अकरा गावं मुकी. म्हणून २००३ साली मंडळाने दुसरी लाइन मंजूर केली. ही डोंगराच्या मागून जायची, रपट्याच्या वाटेलाच जायचं नाही. एक मेली तरी दुसरी जिती राहील, असा साधा हिशेब. कामाला भोजराजची टोळी होती. त्यात तबला वाजवणारा भैय्यालाल होता, दरेकश्याचाच चुन्नीलाल होता आणि कुदळीला पुरुषांच्या वरचढ असलेली धुरपताबाई होती.

बाकी सगळी लाइन झाली. राहिला तो डोंगरामागचा दोन किलोमीटरचा वळसा. जमीन म्हणजे नुसता दगड, महिन्याचं काम. आणि मुर्रीची मंडई पाच दिवसांवर आलेली. खलनायक इथे डोंगरात, तबलजी इथे डोंगरात, तिकडे नाटकाची फळी बांधून तयार. तेव्हा भोजराजने डोकं लढवलं. जुना चर एकदा खोदलेला होता, त्याची माती मऊ होती. रपट्याच्या बाजूचा आठशे मीटर जुना चर उकरायचा, जुन्या केबलच्या बाजूला नवी निजवायची आणि माती लोटायची. चार दिवसांत काम फत्ते.

मोजायला साहेब आला. मोजायला म्हणजे काय, रस्त्यावर जीपमध्ये बसला, डोंगराकडे हात करून "उधर से गया ना?" म्हणाला, आणि वहीत दोन किलोमीटरचा वेगळा चर लिहून मोकळा झाला. मंजूर केबलमधली बाराशे मीटर उरली होती. ती परत दिली असती तर कोणी विचारलं असतं, उरली कशी? म्हणून चुन्नीलालच्या घरामागच्या बाडीत भाताच्या तणसाच्या ढिगाखाली खड्डा करून तिची गुंडाळी पुरून टाकली. मंडईत भोजराजने त्या वर्षी असा सावकार रंगवला की बायांनी शिव्या दिल्या. तो खूश होता. चराचं त्याला काहीच वाटलं नाही. सगळेच चोर, त्यात आपण एक खड्डा वाचवला, एवढंच.

दहा वर्षं गेली. मधल्या पावसाळ्यांत रपटा दोनदा खचला, पण केबल दोन्ही वेळा कशीबशी टिकली, आणि भोजराज जगाला नावं ठेवायला मोकळा राहिला.

२०१३ च्या फेब्रुवारीत विवेक आला. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतला, तिशीही न ओलांडलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि पायात पांढरेफेक बूट. जाळ्यांचं शास्त्र हा त्याचा विषय. माणसांची जाळी, रस्त्यांची जाळी, विजेची जाळी, सगळ्यांचं गणित एकच असतं, आणि त्या गणिताने तो टेलिफोनचं नवं जाळं आखून देणार होता. मंडळाचे मोठे साहेब गुलाबचंद भारावून गेले होते. "अब पूरा काम साइंस से होगा," ते सगळ्यांना सांगत फिरले. जादा केबलची थोडी रिळं आली होती, त्यातलं एक रीळ दरेकश्याच्या तिसऱ्या लाइनसाठी ठेवलेलं होतं. विवेकला गावं दाखवायचं काम भोजराजकडे आलं, कारण खांब न् खांब त्यालाच पाठ.

पहिल्याच दिवशी विवेकने लॅपटॉपचा पडदा उघडून दाखवला. "काका, हे बघा. प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका, केबल म्हणजे रेघ. कुठल्या ठिपक्याला दोनच रेघा, कुठल्याला वीस. आता मी एकेक रेघ पुसतो आणि बघतो, ती गेल्यावर किती गावं तुटतात. असं हजारो वेळा."

"पुसून पाहाले पुन्याहून आले तुमी?" भोजराज म्हणाला. "आमच्या इथं ते काम उंदीर करते. फुकटात."

विवेक हसला. हसला म्हणून भोजराज आणखी चिडला. शिव्या दिल्यावर जो हसतो, त्याचं करायचं काय? पण खरा राग पुढेच होता. आठ दिवसांनी नकाशा तयार झाला. जी गावं एका रेघेवर लटकलेली, ती लाल. ज्यांना दोन स्वतंत्र वाटा, ती हिरवी. भोजराज चूक शोधायला म्हणून चष्मा लावून बसला, आणि त्याचं तोंड उतरलं. लाल ठिपके अगदी तेच होते जे त्याने तीस वर्षं पायपीट करून ओळखले होते. ज्या गावाला तो 'सुतळीवरचं' म्हणायचा, ते पोराने न बघता नेमकं पकडलं होतं. शास्त्र खोटं नव्हतं. असतं तर किती बरं झालं असतं!

मग बोट दरेकश्यावर आलं. ठिपका हिरवागार.

"इथे दोन वेगळ्या वाटा आहेत," विवेक म्हणाला. "म्हणजे तिसऱ्या लाइनची गरजच नाही. ते रीळ आपण एका लाल गावाला देऊ. बरोबर ना, काका?"

भोजराजने चष्मा काढला. खरं बोलावं, तर दुसऱ्याला मातीचोर म्हणायचं तोंड बंद. निवृत्तीला आठ महिने, ते वेगळंच. "रेकॉर्डमंदी आहे ना?" तो म्हणाला. "मंग आहे." आणि पाणी प्यायला उठून गेला. ते रीळ दुसरीकडे गेलं.

जुलैत नाला फुगला. रपटा तर गेलाच, या वेळी बाजूची दरडही गेली. दोन्ही केबली एका झटक्यात तुटल्या. मोबाइलचा टॉवर होता, पण त्याचा जीवही त्याच केबलमध्ये. बारा गावं गप्प.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा भोजराज जोडणीची पेटी घेऊन नाल्यात उतरला. दरेकश्याच्या उपकेंद्रातली नर्स प्रेमिला चिखल तुडवत तिथे आली. हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"भोजराजभाऊ, तुमी तं मनत होते का आमाले दोन लायनी आहेत. मंग दोन्ही एकाच दिवशी कश्या मेल्या?"

"योगायोग आहे, सिस्टर."

"आन ह्या दोन कोनच्या?" तिने दरडीकडे बोट केलं. एकाच दरडीतून दोन काळ्या केबली जोडीने लोंबत होत्या.

"एक जुनी आहे. मेलेली," भोजराज म्हणाला. खोटं कसं सफाईने निघालं! नाटकात एवढ्या सफाईने कधी निघालं नव्हतं.

प्रेमिलाने त्या दोन्ही केबली नीट पाहून घेतल्या. मग तिने गावातल्या दुर्गेश्वरीचं सांगितलं. पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या, आणि बाळ आडवं. रस्ता तुटलेला, फोन मेलेला. प्रेमिलाने तिला पॅसेंजर गाडीत घातलं. एक फोन लागला असता तर दवाखान्याची गाडी सालेकश्याच्या स्टेशनवर उभी राहिली असती. स्टेशन मास्तरकडे फोन होता, पण रेल्वेचा फोन रेल्वेशीच बोलतो. सालेकश्याच्या बाकड्यावर दुर्गेश्वरी दोन तास पडून होती.

"बाई वाचली," प्रेमिला म्हणाली. "लेकरू नाही वाचलं. साहेबाले सांगा, योगायोग मनून."

ती गेली. भोजराज नाल्यात तसाच बसला. माणसानं किती हलकं असावं? ठेकेदार माती चोरतो, साहेब जीपमधून मोजतो, ते निदान शहाणपणाचा आव तरी आणत नाहीत. हा तीस वर्षं सगळ्यांना शिव्या घालत हिंडला, आणि सगळ्यात मोठा मातीचोर हाच. नाटकाच्या टाळ्यांसाठी बारा गावांचा गळा एका चरात बांधून आला. त्याने दोन्ही केबली जोडल्या, कारण तेवढं तरी हाताला येत होतं. पण जोडताना दोन्हींची वीत-वीतभर तुटकी टोकं कापून खिशात टाकली.

ती टोकं त्याने दुसऱ्या दिवशी विवेकच्या टेबलावर ठेवली.

"ह्या तुमच्या दोन रेघा. एकाच खड्ड्यातून काढल्या."

विवेकला आधी कळेना. मग कळलं. "कोणी केलं हे?"

"म्या."

विवेक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पडद्यावर दरेकश्याच्या दोन्ही रेघा एकदम पुसल्या. हिरव्याचे बारा ठिपके लाल झाले. "मला फेब्रुवारीतच का नाही सांगितलं, काका? ते रीळ आपल्या हातात होतं."

"तुमी पावने. आन मी लय शाहना होतो ना," भोजराज म्हणाला.

दोघं गुलाबचंद साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लावून घेतलं. नकाशा वरती गेलेला, रंगीत छापून भिंतीला लागलेला, त्यात दरेकसा हिरवं. आता ते लाल कसं करायचं? "अरे भोजराज, रिटायरमेंट को तीन महीने हैं. चुपचाप घर जा बाबा. मरने का शौक है क्या?"

भोजराजने घरी न जाता लेखी अर्ज दिला. आपण २००३ साली काय केलं, कोणत्या मीटरपासून कोणत्या मीटरपर्यंत केलं, सगळं लिहिलं, टोळीतल्या कोणाचंही नाव न घेता. गुन्हा माझा, शिक्षा द्या, पण तिसरी लाइन द्या. महिन्याने उत्तर आलं. मंडळाचं उत्तर वाचण्यासारखं होतं: "अभिलेखानुसार दुसरी लाइन डोंगरामागील स्वतंत्र चरातून गेलेली आहे. सबब अर्जदाराचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

अंजनाला त्याने ते दोनदा वाचून दाखवलं. "पाय, चोर मनते म्या चोरी केली, आन पोलीस मनते, नाही केली, वहीत नाही!" तो हसायला लागला आणि मग हसता हसता थांबला. मंडळाने त्याला निर्दोष ठरवलं होतं, वर सप्टेंबरअखेर शाल, नारळ देऊन निरोपही दिला. शाल तो रिक्षातच विसरला. मुद्दाम विसरला म्हणा.

दिवाळी झाली तसा तो टोळीकडे गेला. भैय्यालाल आणि चुन्नीलालने मान खाली घातली. धुरपताबाई मात्र गप्प बसणारी नव्हती.

"तुह्या मंडईपायी लेकरू गेलं, आन आता तू आमाले सांगाले आला?"

"होय. माह्याच पायी."

"एकट्याच्याच कायले? कुदळ तं माह्याच हातात होती." तिने पदर खोचला. "चल. केव्हा लागाचं?"

कागदावर जो चर दहा वर्षांपूर्वीच खोदून झाला होता, तो खोदायला ही म्हातारी टोळी डोंगरामागे लागली. मजुरीचं कोणी नाव काढलं नाही. आठ दिवसांनी जंगलखात्याचा गार्ड आला. परवानगी कुठं आहे? भोजराजने २००३ चा कागद पुढे केला: दोन किलोमीटर चर खोदण्यास मंजुरी.

"हा तं दहा वर्सांआधीचा आहे गा!"

"सरकारी काम आहे, साहेब," भोजराज म्हणाला. "चालू आहे."

गार्डने कागद उलटसुलट पाहिला. शिक्का खरा होता. तो गेला.

मुर्रीहून नाटकवाले आले. तिकिटं छापली, खलनायक कुठे? "दुसरा पाहा," भोजराजने खड्ड्यातूनच सांगितलं. "मी दहा वर्सं करूनच राहिलो." मंडई झाली, गाव जेवलं, नाचलं, आणि हे दगड फोडत राहिले. दीड महिना लागला. वळश्याला दोन किलोमीटर केबल हवी होती. बाराशे मीटर चुन्नीलालच्या तणसाखालून निघाली, दहा वर्षं मातीत राहूनही ठणठणीत. उरलेली आठशे मीटर जुन्या चरातून ओढून काढली. हिशेब मीटरला मीटर जुळला. जोडणीचं यंत्र विवेकने 'तपासणीसाठी' म्हणून स्वतःच्या सहीने बाहेर काढलं. त्या दिवशी त्याचे पांढरे बूट चिखलाने माखलेले होते, आणि भोजराज त्याला पावना म्हणाला नाही.

शेवटचा जोड झाला तेव्हा विवेकने लॅपटॉप उघडला. दरेकश्याची एक रेघ दुपारभर मेली होती, ती परत उजळली. ठिपका हिरवा. नकाशात काडीचाही फरक पडला नव्हता. मंडळाने जसा छापला होता, तसाच.

"आता बरोबर आहे," विवेक म्हणाला.

पुढल्या साली मंडळाला त्या नकाशासाठी कुठलंसं पारितोषिक मिळालं. गुलाबचंद साहेब फेटा बांधून फोटोत उभे राहिले, मागे भिंतीवर हिरवंगार दरेकसा. भोजराजने पेपरातला तो फोटो पाहिला, अंजनाला दाखवला, आणि त्यावर सुकट निवडायला बसला.

२०१५ च्या जुलैत एका सकाळी त्याच्या घरचा फोन वाजला. पलीकडे प्रेमिला.

"भोजराजभाऊ, रपटा गेला. पहाटेच गेला. जुनी लाइन मेली मनते."

"मंग? दुसरी?"

"काऊन गा भाऊ, दुसरीवरूनच तं बोलून राहिली ना मी तुमच्यासंगं! सालेकश्याले दवाखान्याची गाडी टेसनावर आणून उभी केली. इथं बाईले पॅसेंजरमंदी बसवून राहिली. गाडी सुटाची आहे, ठेवते आता."

"बाई कोन आहे?" त्याने घाईघाईने विचारलं.

"दुर्गेश्वरी," प्रेमिला म्हणाली, आणि फोन ठेवला.

भोजराज रिसीव्हर हातात धरून तसाच उभा होता. कोणाचा फोन, म्हणून अंजना चुलीपासून विचारत राहिली. संध्याकाळी परत फोन वाजेपर्यंत तो जेवला नाही. वाजला, तेव्हा त्याने एका हाताने उचलला आणि दुसरा हात भिंतीला टेकला.

"पोरगी आहे," प्रेमिला म्हणाली. "दोघी बी बऱ्या आहेत."